आतड्यातली गोगलगाय

सहाव्या माशाच्या आतड्यात गोगलगाय निघाली.

अख्खी नव्हे. कवचाचे तीन तुकडे, त्यातला मोठा करंगळीच्या नखाएवढा, वळणदार. मी तो चिमट्याने उचलून उजेडात धरला. समोर डोमाजी पचारे पुढचा मासा मोजायच्या फळीवर सरळ करत होते. ते थांबले.

"काय झालं बाई? हात काहून थांबला?"

"काही नाही. तो मासा आणा इकडे."

"हा किती भरला?"

"अडतीस सेंटिमीटर."

"अडतीस म्हणजे चांगलं ना?"

"फारच चांगलं," मी म्हणाले, आणि तुकडा काचेच्या बशीत ठेवला. सकाळचे नऊ वाजले असतील. खाणीच्या काठावरच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही तिघेच होतो: मी, डोमाजी आणि त्यांची बायको पंचफुलाबाई. ती माशांचं टोपलं घेऊन दारात बसली होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. एरवी ती माझी चेष्टा केल्याशिवाय पाच मिनिटं राहायची नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, डॉ. धर्माळे सरांच्या प्रकल्पावर सहायक म्हणून लागलेली, आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. वर्धा नदीच्या कोळसापट्ट्यातली एक उघडी खाण कोळसा संपल्यावर तशीच सोडून दिली होती. त्या खड्ड्यात सात-आठ पावसाळ्यांचं पाणी साठून मोठा तलाव झाला होता. कोळशाच्या मातीने ते पाणी आंबट झालं होतं. चांगल्या तळ्याचा सामू, म्हणजे पीएच, सात-आठच्या घरात असतो, याचा पाचच्याही खाली. अशा पाण्यात मासे सोडले तर ते काय खातात आणि किती वाढतात, हे दीड वर्ष बघायचं, हे माझं काम होतं. पहिल्या ऑगस्टमध्ये आम्ही दहा हजार बोटुकली सोडली, बोटभर लांबीची पिल्लं. एका काठाने चुना टाकला, म्हणजे तिथलं पाणी जरा सौम्य होईल. मग दर तीन महिन्यांनी जाळं टाकायचं, मासे मोजायचे, वीस मासे कापून आतडी बघायची आणि रजिस्टर भरायचं.

डोमाजी मोहघाटच्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष होते. एक्केचाळीस घरं. त्यांचा जुना तलाव गावाला लागूनच, कमळांनी आणि शिंगाड्यांनी भरलेला. खाण आता त्याच बाजूला सरकणार होती, आणि तिची माती टाकायला तलावाची जागा हवी होती. गावात सभा झाली होती. खाणीचे साहेब माईकवर बोलले होते की खड्ड्यात मासा वाढला तर खड्डा तुमच्या संस्थेचा. ढिवरांचं सगळं आता त्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. डोमाजी माझ्याकडे मजुरीने लागले ते त्यासाठीच. मासा वाढतो की नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी काठावर उकिडवं बसून पाणी पाहिलं होतं. निळसर हिरवं, इतकं नितळ की दोन पुरुष खोलीवरचे दगड दिसत होते. मला ते फार सुंदर वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"निवळ आहे," डोमाजी म्हणाले. "ज्या पाण्याचा तळ दिसते ना बाई, त्या पाण्यात खायले काही नसते."

मी मनात हसले. तेच वाक्य मी नंतर पहिल्या सहामाही अहवालात दीड पान खर्चून लिहिलं, आकड्यांसकट.

पहिल्या फेब्रुवारीच्या मोजणीत ते खरंही ठरलं. सहा महिन्यांत मासे चार बोटंही वाढले नव्हते. डोकी मात्र मोठी झाली होती. "डोकं बापाचं न् अंग लेकराचं," असं डोमाजी एकेक मासा उचलून म्हणत होते. आतड्यांत लाल अळ्या, पाण्यात पडलेले मुंगळे, आणि कोळशाची काळी भुकटी. एका माशाने दुसऱ्याचे खवले खाल्ले होते.

कापून उरलेले मासे त्या दिवशी पंचफुलाबाईने शेडसमोर ताडपत्रीवर वाटून टाकले. ढिवरांची ती जुनी रीत. सारख्या आकाराचे ढीग लावायचे, एकाने पाठ फिरवून बसायचं, दुसऱ्याने ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. म्हणजे कोणाला बरा ढीग गेला, कोणाला वाईट, याचं भांडण नाही. जाळ्यावर हात लावायला ज्या घरात कोणी उरलं नाही त्या घराचाही ढीग असतो. मी गमतीने म्हणाले, "आणि माझा ढीग?"

"तुमचा कायचा ढीग बाई?" पंचफुलाबाई पाठमोरी बसल्या बसल्या म्हणाली. "तुमी जाळं कुठी ओढता? तुमी रजिस्टर ओढता."

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण थोडं लागलंही.

मे महिन्यातही तीच गत. सतरा सेंटिमीटर. डोमाजींनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग पावसाळा आला, आणि ऑगस्टच्या जाळ्यात एकोणतीस सेंटिमीटरचे मासे निघाले. मी आनंदाने फळीवर हात आपटला. चुन्याने काम केलं, पावसाने पाण्यात खाणं आलं, असं मी त्याच दिवशी सरांना फोन करून सांगितलं. आतडी सगळी रिकामी होती. जाळं ढिवरांनी मी पोचायच्या आधी पहाटेच ओढलं होतं, म्हणून रिकामी, असं मी रजिस्टरमध्ये लिहिलं. पाहिजे ते दिसलं की माणूस कारणं शोधायला कमी करत नाही.

आणि आता ही नोव्हेंबरची शेवटची मोजणी. अडतीस सेंटिमीटर, अंगाने भरलेले मासे, आणि आतड्यात गोगलगाय.

मी सातवा मासा कापला. त्यातही कवचाचा चुरा होता, आणि सोबत पाणवनस्पतीचे हिरवे तंतू. आठव्यातही. मग मी माशांचे पर पाहिले. बोटुकली सोडताना आम्ही खूण म्हणून डाव्या पराचं टोक कापलं होतं, मी आणि डोमाजींनी मिळून. सव्वा वर्षात ती जखम भरून कधीच गुळगुळीत व्हायला हवी होती. या माशांच्या परांची कड लाल होती, नुकतीच कापल्यासारखी.

मी कात्री खाली ठेवली.

"डोमाजी, ही गोगलगाय कुठली?"

"पाण्यातली असन."

"कोणत्या पाण्यातली?"

शेडच्या फळीवर एक बाटली होती. उन्हाळ्यात मीच गंमत म्हणून त्यांच्या तलावातल्या गोगलगायीचं रिकामं कवच खाणीच्या पाण्यात टाकून ठेवलं होतं. मी बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. आतलं कवच कांद्याच्या सालीसारखं झालं होतं. बाटली जरा हलवली तर त्याचा एक भाग गळून पडला.

"या पाण्यात कवच टिकत नाही. गोगलगाय जगूच शकत नाही इथे."

डोमाजींनी बाटली हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. मला वाटतं, पाणी किती वाईट आहे हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

"सांगून टाका ना आता," पंचफुलाबाई दारातून म्हणाली. "बाई काही आंधळी नाही."

"आमच्या तलावातले आहेत," डोमाजी म्हणाले.

"ऑगस्टमधले?"

"तेबी. ते तीन दिवस चुन्याच्या काठाले जाळीत उपाशी ठेवले होते, पोट साफ व्हाले. तुमी पोट पाहता हे मले मालूम आहे ना. या बारीलेबी ठेवले. पण या बारीले ते मेले. सारे मेले बाई, दोन दिवसांत. मंग काल सांजच्याले दुसरे आणले. पोट साफ कराले टाइमच नाही भेटला."

ते इतक्या सरळपणे सांगत होते की मला रागवताही येईना. मला राग आला होता तो माझाच. ऑगस्टमध्ये फळीवर आपटलेला हात मला आठवत होता.

"तुम्ही मला फसवलं."

"हो," ते म्हणाले. "फसवलं."

"आणि हे असं मिळवून काय करणार? या पाण्यात मासा वाढत नाही. तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणाला होता."

"पाणी आपलं असलं तं त्याले सुधरवता येते. चुना टाकू, शेण टाकू. दहा वर्सं लागन, पंधरा लागन. माहं होऊन जाईन तोवर, पोरं पाहतीन. पण पाणीच नसन तं ढिवर कायचा? दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाईन का आता एक्केचाळीस घरं?"

"तलाव आहे ना तुमचा."

"तलाव तं जाऊनच राहिला. मोजमाप झालं, खुंट्या गाडल्या. सभेत सायेब काय बोलले? मासा वाढला तं खड्डा तुमचा."

"आणि नाही वाढला तर?"

"ते नाही बोलले." डोमाजींनी बाटली फळीवर परत ठेवली, होती तिथेच, जपून. "नाही वाढला तं काय भेटन हे कोणी माईकवर सांगते का बाई? समजतेच ना आपल्याले."

मलाही समजलं. म्हणजे मला वाटलं की समजलं. त्यावर मी त्यांना काही विचारलं नाही, आणि नंतर दुसऱ्या कोणालाही विचारलं नाही.

पंचफुलाबाई उठून माझ्याजवळ आली. "तुमच्या हातचं आहे," ती म्हणाली. "मी पाया पडतो म्हणलं तं तुमी पडू देणार नाही. म्हणून नाही पडत."

मी बशीतले कवचाचे तुकडे उचलले, काठावर गेले आणि पाण्यात टाकले. नितळ पाण्यात ते हेलकावे खात खाली जाताना बराच वेळ दिसत राहिले. मग परत येऊन मी बसले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: आहार, लाल अळ्या व किडे. सरासरी लांबी, अडतीस.

खोटं सांगत नाही, मला त्या दिवशी चांगलं वाटलं होतं. खाणवाल्यांचं माईकवरचं वाक्य त्यांच्याच गळ्यात मारलं, एक्केचाळीस घरांना काहीतरी मिळवून दिलं, असं वाटलं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून गाणं गुणगुणत होते. आयुष्यात प्रथमच आपण शहाणपणापेक्षा मोठं काहीतरी केलं, असं मला वाटत होतं.

अहवाल जानेवारीत गेला. मार्चमध्ये धर्माळे सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता.

"घे. तुझ्या आकड्यांनी काम मोकळं झालं."

"संस्थेला खड्डा मिळाला, सर?"

"मिळाला ना. आणि खाणीला तलावही मिळाला. मातीचे ट्रक सोमवारपासून सुरू."

"तलाव तर मिळणारच होता त्यांना."

सरांनी पेढा अर्धा तोंडात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "कोण म्हणालं? दोन वर्षं अडून होता तो. तू प्रकल्पाचा करारनामा वाचला नाहीस?"

करारनामा माझ्याच फायलीत होता. दीड वर्ष होता. मला लागत होती ती पद्धतीची चार पानं मी काढून घेतली होती, बाकीच्याची टाचणीही काढली नव्हती. सरांनी स्वतःची प्रत उघडून माझ्यापुढे सरकवली. पान नऊ. साध्या इंग्रजीत दोन ओळी होत्या. खाणीच्या खड्ड्यात मासे वाढतात असं सिद्ध झालं, तरच जुना तलाव घेता येईल. सिद्ध झालं नाही, तर तलाव गावाकडेच राहील आणि खाण दुसरी जागा बघेल.

मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. खऱ्या आकड्याने, त्या सतरा सेंटिमीटरने, तलाव वाचला असता. डोमाजींनी स्वतःच्या तलावातले मासे नेऊन स्वतःचा तलाव घालवला होता, आणि मी त्यावर सही केली होती.

"सर," मी म्हणाले, "अहवाल मागे घेता येतो?"

"कशासाठी?" सरांचा आवाज बदलला. "आकडे चुकले आहेत का?"

हीच ती जागा. नोव्हेंबरमध्ये गप्प राहिले ते दयेपोटी, आणि त्यासाठी मी स्वतःला कधीतरी माफही करते. पण मार्चमध्ये, त्या खोलीत, ट्रक सुरू व्हायला चार दिवस बाकी होते. 'हो' म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, पुढची पीएच.डी. गेली असती, डोमाजींवर फसवणुकीचा ठपका आला असता. ही डोमाजींची काळजी मी तेव्हा स्वतःला मोठ्याने सांगितली. पण खरं सांगायचं तर मला माझीच भीती वाटली होती.

"नाही सर," मी म्हणाले. "आकडे बरोबर आहेत."

"मग पेढा घे."

मी घेतला.

एप्रिलच्या शेवटी शेडमधलं सामान आणायला मला मोहघाटला जावं लागलं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. रस्त्यावरून तलाव दिसायचा, तिथे आता मातीचा ढिगारा होता आणि त्यावर ट्रक चढत होते. एका कोपऱ्यात थोडं पाणी उरलं होतं. त्यात कमळाची पानं अजून होती, धुळीने पांढरी झालेली.

वाटेत मी सगळं ठरवून आले होते. डोमाजींना सांगायचं. पान नऊ सांगायचं, आणि त्यांनी मारलं तरी मार खायचा.

संस्थेची माणसं खड्ड्यावरच होती. त्यांनी स्वतःच्या पाण्यात पहिलं जाळं टाकलं होतं. ताडपत्रीवर मासे पडले होते, सगळे मिळून दोन टोपली भरतील एवढे. आमचीच बोटुकली होती ती, पराची खूण भरून गुळगुळीत झालेली. पावणेदोन वर्षांत वीतभर झाली होती, आणि त्यात निम्मं डोकंच होतं. डोमाजींचे हात चुन्याने कोपरापर्यंत उलले होते.

"या बाई, या," ते म्हणाले. "बरं झालं आज आल्या. पहिलं जाळं आहे."

"डोमाजी, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या कागदात..."

"कागदाचं कायले काढता आता? तुमी चांगला लिवला कागद." त्यांनी आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "तलाव तं जाणारच होता. बाईनं तोंड उघडलं असतं तं हेबी गेलं असतं. ती बशीतली गोगलगाय बाईनं आपल्या हातानं पाण्यात टाकली. मी पायलं ना."

माणसं माझ्याकडे बघत होती. एका म्हाताऱ्याने मला हात जोडले. माझ्या तोंडात आलेलं वाक्य तिथेच राहिलं. सांगितलं असतं तर मी मोकळी झाले असते. त्यांच्याकडे मात्र हे घाण पाणी आणि ते मिळवल्याचं समाधान होतं, त्यातलं समाधानही मी काढून घेतलं असतं. असं मी तेव्हा म्हणाले, मनात. बावीस वर्षं तेच म्हणते आहे. डोमाजी गेले त्यालाही अकरा वर्षं झाली. त्यांनाही मी सांगितलं नाही.

पंचफुलाबाई पाठ फिरवून बसली. डोमाजींनी ढीग लावले. एकेका ढिगात सहा-सात मासे येत होते.

"हा कोणाचा?"

"सोमाचा."

"हा कोणाचा?"

"रखमीचा."

रखमीच्या घरी जाळं ओढणारं कोणी नव्हतं. मी बाजूला उभी राहून मोजत होते. एक्केचाळीस नावं झाली, तरी ताडपत्रीवर एक ढीग उरला. डोमाजींनी त्यावर हात ठेवला.

"हा कोणाचा?"

पंचफुलाबाईने मान वळवली नाही. "बाईचा," ती म्हणाली.

डोमाजींनी स्वतःच्या ढिगातला एक मासा उचलून माझ्या ढिगावर ठेवला, त्यातल्या त्यात बरा होता तो. मग सगळे थांबून माझ्याकडे बघू लागले. आपला वाटा ज्याचा त्याने उचलायचा असतो.

मी खाली बसले आणि ओढणी पसरली.